उजव्या सीटचं हँडल

विमानं बघायला आलेल्या माणसांना विमानं फार वेळ बघवत नाहीत, हे संग्रहालयात काम करणाऱ्याला पहिल्याच महिन्यात कळून चुकतं. माना वर करून झाल्या, पंखाखाली फोटो काढून झाले, की बापाला चहा हवा असतो, आईला सावली आणि पोरांना काहीतरी हलणारं. म्हणून नाशिकजवळच्या जुन्या धावपट्टीवर उभ्या राहिलेल्या त्या विमान संग्रहालयाने रविवार कुटुंबांना देऊन टाकला होता. कागदी विमानांची स्पर्धा असायची, वाऱ्याच्या बोगद्यात टोप्या उडवता यायच्या, ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीतून हँगरला चक्कर मारता यायची. डबे आत न्यायला सक्त बंदी होती आणि दर रविवारी जुन्या मालवाहू विमानाच्या पोटाखाली थालीपीठाचा वास सुटायचा.

या सगळ्या जत्रेत सर्वांत लांब रांग लागायची ती एका दोन सीटच्या विमानापुढे. खरं तर ते अख्खं विमान नव्हतंच. त्याचं नुसतं तोंड उरलं होतं, तेही ठोकून सरळ केलेलं. पण आत शिरून डाव्या सीटवर बसलं आणि समोरचं हँडल धरलं, की ते आपोआप हलायला लागायचं. पलीकडून कुणी माणूस ते चालवतोय आणि आपण नुसते हात ठेवलेत, असं वाटायचं. हँडलला वैमानिकांचा वेगळा शब्द आहे, पण गायधन्यांच्या घरात सगळे त्याला हँडलच म्हणत. बाहेर पाटी होती : ‘गायधनी सरांबरोबर एक फेरी’.

ही रांग हेमांगी गायधनी सांभाळायची. सर म्हणजे तिचा नवरा, विद्याधर. या धावपट्टीवर पूर्वी पोरांना विमान शिकवणारा एक क्लब होता, तिथला तो शिक्षक. याच विमानात तो गेला, त्याला तीस वर्षं उलटून गेली होती.

फाटक उघडायच्या आधी पहिली फेरी तिची असायची. वॉचमनपासून संचालकांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि त्या वेळी हँगरमध्ये कुणी जात नसे. जायचा तो एकटा नीलेश बोरस्ते, कारण ट्रॅक्टर हँगरच्याच कोपऱ्यात लावलेला असायचा.

हेमांगी डोळे मिटून हँडल धरायची. आधी जोरात मागे ओढ, म्हणजे विमान उडालं. मग हळूच डावीकडे कल, म्हणजे खाली गोदावरी. आणि मग विमान सरळ झालं की हँडल अगदी किंचित डावीकडे-उजवीकडे हलायचं, दोनदा. बस्स, तेवढ्यासाठी ती आठवडाभर थांबायची. विद्याधर सिग्नलला स्कूटर थांबवली की हँडल असंच दोनदा हलवायचा. मागे बसून तिने शंभरदा म्हटलं असेल, “अहो, पडू ना आपण!” आता पासष्टीच्या उंबरठ्यावर ती तेच वाक्य पुटपुटायची, हँडलवर गाल टेकायची आणि हसायची. कधी घरातलं काहीबाही सांगायची. बाई एकटी असताना नवऱ्याशी जे बोलेल ते.

हे यंत्र बनवलं होतं तिच्या मुलीने, ऋचाने. ती संग्रहालयात धातूंची तज्ज्ञ होती. बाप गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि बापाची म्हणून तिच्याकडे एकही आठवण नव्हती. शाळेच्या सहली आल्या की ती मुलांच्या हातात तारेचा तुकडा द्यायची. “वाकवा. आता सरळ करा. वाकवली होती तिथे बघा, कडक लागतेय ना? धातूच्या आत अणू रांगेत उभे असतात. जोर आला की रांग कुठेतरी मोडते. ती मोड आत सरकत जाते आणि दुसऱ्या मोडीला जाऊन अडते. तार सरळ झाली तरी आतली मोड जात नाही. म्हणजे तारेला आठवतं, आपल्याला कुणी वाकवलं होतं.”

जुन्या विमानांचे भाग कुठे तडकणार हे आधीच ओळखता यावं म्हणून शास्त्रज्ञांनी ते वाचकयंत्र काढलं. क्ष-किरणांनी धातूतल्या अशा कोट्यवधी मोडी टिपायच्या आणि कोणती मोड कोणत्या मोडीवर पडली हे संगणकाने लावायचं. त्यातून कळतं, कोणता जोर आधी आला, कोणता नंतर, कुठल्या दिशेने आणि किती. जुन्या खुणा नव्यांच्या खाली चिरडतात. पण पडलेलं विमान त्यानंतर कुणी उडवत नाही, त्यामुळे शेवटच्या उड्डाणाच्या खुणा सगळ्यांत वर, लख्ख असतात. ऋचाने त्याच वाचल्या आणि मोटारी बसवून हँडलला तसंच हलायला लावलं.

शिकवायच्या विमानात डावीकडे विद्यार्थी बसतो, उजवीकडे गुरू. दोघांपुढे एकेक हँडल आणि मधे एक आडवा दांडा. एकाने फिरवलं की दुसऱ्याचंही फिरतं. ऋचाने वाचला तो हा मधला दांडा. फिरवणारा हात कोणाचा हे दांड्याला सांगता येत नाही. पण त्याची गरजच नव्हती, कारण साक्षीदार जिवंत होता. त्या दिवशी डाव्या सीटवर नीलेश होता.

नीलेशची गोष्ट नाशिकात सगळ्यांना पाठ होती. दर वर्षी उड्डाण दिनाला तो लंगडत व्यासपीठावर चढायचा आणि सांगायचा. “सर स्वतः विमान चालवत होते. उडालो आणि इंजिन बंद पडलं. सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग विमान उजवीकडे कलतं केलं, म्हणजे आपली बाजू खाली आणि माझी वर. मार त्यांनी घेतला, मला वाचवलं.” समोर बसलेल्या आया डोळे पुसायच्या. पहिल्या रांगेत हेमांगी ताठ बसून असायची.

हेमांगीला भाऊ नव्हता. अपघातानंतरच्या पहिल्याच भाऊबीजेला कुबडी टेकत टेकत नीलेश दारात आला, तो पुढे एकही वर्ष चुकला नाही. ऋचाला शाळेत सोडणं, सायकल शिकवणं, हेमांगीच्या ऑपरेशनला रात्रभर बाकावर बसणं, सगळं त्याने केलं. विमानाला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही. द्राक्षाची बाग बघायचा आणि रविवारी संग्रहालयाचा ट्रॅक्टर चालवायचा.

आणि तरीही त्याची ती गोष्ट ऐकताना हेमांगीला दर वर्षी एक काटा सलायचा. तो तिने कुणाला दाखवला नव्हता. शेवटच्या क्षणी विद्याधरला विद्यार्थी आठवला. बायको नाही, दुडुदुडु चालणारी पोर नाही. लोक तिला वीराची पत्नी म्हणत तेव्हा ती मान लववायची आणि मनात म्हणायची, तुमच्या वीराने मला विचारलं होतं का? असं वाटल्याची तिला लाज वाटायची आणि वाटायचं थांबायचं नाही.

हँडल हलायला लागल्यापासून तो काटा जरा बोथट झाला होता. दोनदा हलणाऱ्या हातावर किती दिवस रागावणार?

सुखाने माणूस हावरा होतो. हेमांगीही झाली. उजव्या सीटचं हँडल, म्हणजे खुद्द विद्याधरच्या हातातलं, तिच्या घरी होतं. क्लब बंद पडला तेव्हा तिने ते मागून आणलं होतं. दर खंडेनवमीला ती त्याला हळदकुंकू वाहून फूल ठेवायची. उड्डाण दिनाच्या आधी ती ते साडीच्या फडक्यात गुंडाळून ऋचाच्या टेबलावर घेऊन आली.

“हेही वाच,” ती म्हणाली. “दांड्यात एवढा सापडला, तर याच्यात किती असेल! बोटं न् बोटं सापडतील.”

“आई, नक्की? यंत्रात घालायचं तर थोडं खरवडावं लागेल.”

“खरवड. त्याला काय दुखणारे?”

नीलेश तेव्हा दारात उभा होता. “वहिनी, राहू द्या ना घरी,” तो म्हणाला. “पूजेतलं आहे ते.” त्याचा चेहरा उतरलेला हेमांगीने पाहिला आणि तिला वाटलं, बिचाऱ्याचा पाय दुखत असेल.

निकाल आला तेव्हा ऋचाने तो पुन्हा तपासला, मग यंत्र तपासलं, मग डाव्या सीटचं हँडलही वाचलं. त्यानंतर ती घरी आली आणि आईसमोर बसली. आईने ताट वाढलं. ऋचाने ते बाजूला सारलं.

“आई, दांडा दोघांचा असतो, पण प्रत्येक हँडलची नळी ज्याची त्याची. हाताने पीळ दिला तरच नळीत पीळ बसतो. दुसऱ्याने फिरवलं तर ती नुसती बरोबर फिरते, तिला जोर लागत नाही.”

“बरं मग?”

“बाबांच्या नळीत काही नाही. अख्ख्या उड्डाणात काही नाही. उडताना नाही, गोदावरीवर नाही. त्यांनी हँडलला हातच लावलेला नाही, आई. सगळं डाव्या नळीत आहे. ते दोनदा हलवणंसुद्धा.”

हेमांगीने आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. ते नीट बसलं नव्हतं, म्हणून तिने पुन्हा ठेवलं.

“म्हणजे ते नीलेशचं,” ती म्हणाली.

“हो. फक्त अगदी शेवटी, इंजिन बंद पडल्यावर, बाबांच्या नळीत पीळ येतो. खूप मोठा. पण तो उजवीकडे नाही, आई. डावीकडे आहे. नीलेशमामा उजवीकडे ओढत होता आणि बाबा डावीकडे.”

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाला सुटी होती. हेमांगीने नीलेशला हँगरमध्ये बोलावून घेतलं. तो आला आणि ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा राहिला. काही विचारावं लागलं नाही. तीस वर्षं दाबून धरलेलं बोलणं होतं, ते आपणच बाहेर आलं.

“त्या दिवशी माझी शेवटची परीक्षा होती, वहिनी. पुढचं उड्डाण एकट्याने. सर बसताना म्हणाले, आज मी सामान. माझ्याकडे बघू नकोस, मी हात लावणार नाही. मांडीवर हात ठेवून बसले होते. मी फेऱ्या मारत होतो, उतरायचं की लगेच उडायचं. छान चाललं होतं. आणि उडता उडता इंजिन गेलं.”

“मग?”

“उडताना इंजिन गेलं तर मागे वळायचं नाही, समोर मिळेल तिथे उतरायचं. सरांनी हजारदा सांगितलेलं. समोर डावीकडे कांद्याचं मोकळं रान होतं. पण उजवीकडे मागे धावपट्टी दिसत होती, आपली ओळखीची. मी वळवलं. त्या उंचीवरून वळलं की विमान पडतंच. आमच्या क्लबात गुरू म्हणायचा ‘सोड’ आणि पोराने ‘सोडलं’ म्हणून हात काढून घ्यायचे. सर म्हणाले, सोड. मग ओरडले, नीलेश, सोड! मला ऐकू येत होतं, वहिनी. पण हात उघडेचनात. सरांची ताकद काय कमी होती? पण घाबरलेल्या माणसाच्या हातात सैतान शिरतो.”

तो रडत होता. हेमांगी रडत नव्हती.

“मग ती गोष्ट का रचलीस?”

“दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा तुम्ही समोर होतात. पोर कडेवर. तुम्ही विचारलं, शेवटी काय झालं? तुमच्या नवऱ्याला मी मारलं, हे कसं सांगणार होतो? म्हटलं, निदान सरांना मोठं करावं. एकदा सांगितलं आणि मग सगळे टाळ्या वाजवायला लागले.”

हेमांगीने त्या ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरून हात फिरवला.

“एकवीस वर्षांचं पोर होतास तू,” ती म्हणाली. “घाबरलास. घाबरलेल्याला काय शिक्षा द्यायची? बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतो. त्याचं मी तुला काही म्हणणार नाही. ती खोटी गोष्टही गिळेन एखाद्या दिवशी. पण या रविवारांचं काय, नीलेश? मी तो हात धरून बसायचे. त्याच्यावर गाल ठेवायचे. काय काय बोलायचे. तो तुझा हात होता. आणि तू तिथे, त्या कोपऱ्यात उभा राहून बघत होतास.”

“दोनदा हलवायची सवय सरांचीच, वहिनी. आम्ही सगळ्या पोरांनी त्यांच्याकडूनच उचलली होती. त्या अर्थाने तो...”

“अर्थ सांगू नकोस मला.”

“तुम्ही हसत होता,” नीलेश म्हणाला. “इतक्या वर्षांत मी तुम्हाला असं हसताना बघितलं नव्हतं. दर रविवारी ठरवून यायचो, आज सांगायचं. आणि तुम्ही हसायच्या.”

तो खरं बोलतोय हे तिला कळत होतं. त्याने हे प्रेमापोटी केलं, हेही कळत होतं. आणि म्हणूनच तिला ते सहन होत नव्हतं. परक्याने फसवलं तर चार शिव्या देऊन माणूस मोकळा होतो. इथे तर शिवी द्यायलाही तोंड उघडेना.

“या भाऊबीजेला येऊ नकोस,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षीचं मला आत्ता सांगता येत नाही.”

नीलेशने ट्रॅक्टरची किल्ली खिशातून काढून बॉनेटवर ठेवली आणि तो गेला. धावपट्टीवरून लंगडत जाणारी त्याची पाठ बराच वेळ दिसत होती. ज्याला हाक मारून थांबवावं असा आपल्याला जगात एकच माणूस आहे आणि त्याला आपण थांबवत नाही आहोत, हे हेमांगीला लख्ख समजलं. तिने हाक मारली नाही.

उड्डाण दिनाच्या सकाळी फाटकाबाहेर गर्दी जमली होती. पोरांच्या हातात कागदी विमानं होती, कुणीतरी भोंग्यावर सूचना देत होतं, ट्रॅक्टरवर कुठलासा नवा माणूस बसून गिअर करकरवत होता. हेमांगीने जुनी पाटी आपल्या हाताने उतरवली आणि दुसरी लावली : ‘एका विद्यार्थ्याबरोबर एक फेरी’. पोरांना त्याने काही फरक पडणार नव्हता. फेरी चांगली होती. नीलेश खरंच छान चालवत होता.

मग ती आत शिरली, पण डावीकडे बसली नाही. उजव्या सीटपुढे ऋचाने ते घरचं हँडल पुन्हा जोडलं होतं. हेमांगी तिथे बसली.

“आई, नको ना,” ऋचा बाहेरून म्हणाली. “इंजिन बंद पडल्यानंतरचा भाग आपण कधीच चालवलेला नाही.”

“चालव.”

“बाबांचा जोर जसाच्या तसा लावलाय मी. हाताला लागेल.”

“लागू दे. चालव तू.”

पहिल्यांदा काहीच नव्हतं. हँडल फिरत होतं, पण त्याच्या मागे कुणी नव्हतं. रिकामं दार वाऱ्याने हलावं तसं हलत होतं. हे सगळे महिने आपण जो हात जवळ घेऊन बसलो तो विमान चालवत होता, तेव्हा विद्याधर इथे शेजारी मांडीवर हात ठेवून बसला होता, निवांत, आपल्या पोरावर खूश होऊन. इतका विश्वास ठेवायचा असतो का रे कुणावर, असं तिला ओरडून विचारावंसं वाटलं.

आणि मग तो आला. हळुवार नव्हता. ओळखीचाही नव्हता. हँडल एकदम जिवंत होऊन तिच्या मनगटांसकट डावीकडे पिळलं गेलं, दांड्याने उलट ओढलं, ते पुन्हा डावीकडे गेलं, आणखी जोरात. त्यात कसलीही शांती नव्हती, कुणासाठी मरायचा निर्धार नव्हता. डावीकडे कांद्याचं मोकळं रान होतं, रानापलीकडे रस्ता आणि रस्त्याला लागून त्यांचं घर. मरणाच्या भीतीने गांगरलेला एक चाळिशीतला माणूस त्या रानात विमान टेकवायला जिवाच्या आकांताने ओढत होता. खांदे दुखेपर्यंत ओढत होता. मग हँडल थांबलं.

हेमांगी तिथेच बसून रडली. तो गेला तेव्हा ती इतकी रडली नव्हती. वीराच्या बायकोला ताठ बसावं लागतं. आज पहिल्यांदा तिचा साधा नवरा मेला होता, ज्याला जगायचं होतं.

ऋचा धावत दाराशी आली. “आई! हात बघू. लागलं ना? म्हटलं होतं मी.”

हेमांगीने पदराने तोंड पुसलं आणि ती उतरली. मनगटं लाल झाली होती. समोर उभी असलेली ही तिशी ओलांडलेली, चष्मा लावलेली बाई म्हणजे आपण कडेवर घेऊन दवाखान्यात गेलो होतो ती पोर, हे तिला क्षणभर खरंच वाटेना.

“तू नाही ना धरलंस कधी?” तिने विचारलं.

“मी? नाही. मला काय ओळखू येणार, आई? मला बाबा माहीतच नाहीत. मी नुसतं गणित केलं.”

“बस.”

“फाटक उघडायची वेळ झाली.”

“थांबतील लोक. बस आणि घट्ट धर. पुन्हा हे कुणाला दाखवायचं नाही, मलाही नाही. तुला एकदाच.”

ऋचा बसली. मुलाखतीला बसावं तशी पाठ ताठ करून बसली आणि तिने हँडल धरलं. हेमांगीने बाहेरून बटण दाबलं.

हेमांगी मुलीच्या मनगटांकडे बघत होती. ती आधी सैल फिरली आणि मग हिसक्यासरशी डावीकडे ओढली गेली. ऋचाचा चष्मा नाकावरून घसरला. तो वर करायला तिने हात काढला नाही. हँडल थांबल्यावरही तिने ते सोडलं नाही.

“आई, किती घाबरलाय गं तो,” ती म्हणाली.

“हो,” हेमांगी म्हणाली. “आपल्याकडे यायला निघाला होता ना.”